तासभराची उकळी

लीड्समधल्या आमच्या घरातली वीज अचानक गेली तेव्हा मी गॅरेजमध्ये होते. माझे मोजे भिजले होते आणि समोरच्या प्लास्टिकच्या बादलीच्या बुडाशी पाण्याची बारीक धार लागली होती. वरच्या खोलीत नवरा एका पेशंटशी व्हिडिओवर बोलत होता. तो जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर आहे, मंगळवारी घरून काम करतो. वरून त्याची हाक आली, मग जिन्यावर पावलं वाजली. पण गॅरेजचं दार उघडलं ते त्याने नाही, सासऱ्यांनी.

सासरे आमच्याकडे येऊन दीड महिना झाला होता. उन्हाळ्यात सासूबाई गेल्या आणि नवऱ्याने त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून असायचे. सकाळी कौन्सिलची कचऱ्याची गाडी यायची ती बघायचे, दुपारी पोस्टमन बघायचे. काही विचारलं तर ‘हो’, ‘नको’ किंवा ‘झालं’, यापलीकडे उत्तर नसायचं. खरं सांगायचं तर सकाळी कामाला निघताना मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि बसमध्ये बसल्यावर त्याचीच लाज वाटायची.

ते दारात क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, “हात लावू नकोस. आधी प्लग काढ.”

मी प्लग काढला. ते आत आले, वाकून बादली बघितली. बुडाजवळ मी दोन भोकं पाडली होती आणि स्वस्तातल्या विजेच्या किटल्यांमधले दोन हीटर त्यात बसवले होते. एका भोकातून पाणी गळून तारेवर आलं होतं. घराचा सर्किट ब्रेकर वेळेवर पडला म्हणून बरं.

“हे काय आहे?”

“बॉयलर,” मी म्हटलं.

त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “प्लास्टिकचा?”

कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर चालवला होता. तिथला बॉयलर तीन मजली होता, हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. त्यापलीकडे मी कधी काही विचारलं नव्हतं.

कशासाठी, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “बार्लीचं पाणी उकळायला.” ते तसं खोटं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि लिटर किती, असं विचारलं. तीस, मी म्हटलं. ते परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले, पण संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली.

मला तीस लिटर बार्लीचं पाणी का हवं होतं, ते सांगायला हवं. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. लोकांच्या रक्तात, लघवीत, जखमांत काय वाढतंय ते शोधायचं, हे माझं काम. रक्ताच्या नमुन्यात यीस्ट दिसलं की आमच्याकडे लगेच वॉर्डला फोन जातो, कारण ती वाईट बातमी असते. वीस वर्षं मी यीस्टकडे त्याच नजरेने बघत आले. मग एकदा लॅबमधली एक बाई रिटायर झाली आणि जाताना तिने तिच्याकडची, घरी बियर करायची सगळी भांडी मला दिली. तू यांना रोज मारायचं कसं ते बघतेस, एकदा कामाला लावून बघ, असं ती म्हणाली. बियर मला विशेष आवडते असं नाही. पण हे वाक्य डोक्यात बसलं.

सुरुवात डब्यात मिळणाऱ्या बार्लीच्या तयार पाकाने झाली. पाक पाण्यात कालवायचा, यीस्ट टाकायचं, झालं. टी-बॅगने चहा करण्यासारखं. चव बरी होती, पण त्यात मी काय केलं, हा प्रश्न उरायचा. मला धान्यापासून सुरुवात करायची होती. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडायचं, गरम पाण्यात तासभर मुरवायचं, गाळायचं. जो गोड रस निघतो त्याला इथे वर्ट म्हणतात. तो हॉप्स नावाची कडू फुलं घालून तासभर खळाखळा उकळायचा. खरी अडचण इथेच होती. एका वेळच्या बियरला अठ्ठावीस-तीस लिटर रस उकळावा लागतो, आणि स्वयंपाकघरातली ओट्यावरची शेगडी दहा लिटरच्या पातेल्यालाच रडकुंडीला येते. मी दोन पातेल्यांत करून पाहिलं. अडीच तास लागले, खिडक्यांवरून पाणी ओघळलं आणि खिडकीशेजारचा वॉलपेपर सुटून खाली लोंबला. नवरा म्हणाला की बियरचं दुकान चार मिनिटांवर आहे.

महिनाभर मी फक्त वाचत होते. एक रस्ता होता तयार विजेच्या भांड्याचा, ज्यात सगळं आपोआप होतं. दुसरा स्टीलचं मोठं पातेलं आणि खाली गॅसची शेगडी. पण गॅरेजमध्ये गॅस पेटवायचा तर दार उघडं ठेवायला हवं, आणि लीड्सच्या हवेत उघड्या दाराशी उकळी धरत नाही. तिसरा रस्ता, बादली आणि किटलीचे हीटर. तो मी निवडला तो घमेंडीतून. लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईला बादलीला भोक पाडता येऊ नये?

दोन दिवसांनी सासऱ्यांनी मला एक कागद दाखवला. हॉस्पिटल अपॉइंटमेंटच्या पत्राची ती मागची बाजू होती. त्यावर पट्टी लावून काढलेलं भांडं होतं, स्टीलचं, दुहेरी बुडाचं. बाजूला काचेची उभी नळी होती, आतलं पाणी कुठपर्यंत आहे ते बाहेरून दिसावं म्हणून. तोटी बुडापासून चार बोटं वर होती. प्रत्येक भागाला बाण आणि नाव. अक्षर इतकं देखणं की मी वाचायचं सोडून अक्षरच बघत राहिले.

“एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “घरात आजारी कोण आहे?”

“कोणी नाही. का, बाबा?”

“तीस लिटर बार्लीचं पाणी. मला वाटलं, मला सांगत नाही आहात.”

दोन दिवस ते हे मनात घेऊन बसले होते. मग मात्र मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. बियर, यीस्ट, हॉप्स, वॉलपेपर. सासरी दारूला किती जागा आहे ते मला माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ दारूनेच गेले होते आणि त्यानंतर लग्नकार्यातसुद्धा, जिथे बाटली निघायची तिथून ते उठून यायचे. आमच्या फ्रीजमधल्या बाटल्या मी त्यांच्या येण्याआधी गॅरेजमध्ये नेल्या होत्या.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. कागद घडी घालून खिशात ठेवला. रात्री जेवून ते लगेच आपल्या खोलीत गेले. नवरा मला डोळ्यांनी विचारत होता की काय झालं.

सकाळी मी चहा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, “तासभरच का उकळायचं?”

“म्हणजे?”

“जंतू मारायला दहा मिनिटं पुरतात. मग तासभर का?”

मला कामाला जायचं होतं. मी पर्स खाली ठेवली. हॉप्सचा कडूपणा पाण्यात उतरायला वेळ लागतो, असं मी सांगितलं. माल्टमधला, शिजलेल्या मक्यासारखा येणारा एक वास वाफेबरोबर निघून जावा लागतो, म्हणून झाकण पूर्ण ठेवायचं नाही. आणि धान्यातली प्रथिनं गोळा होऊन खाली बसायला हवीत, नाहीतर बियर गढूळ राहते. त्यासाठी नुसतं गरम चालत नाही, जोरात उलथापालथ व्हावी लागते. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, “म्हणजे दाब नको. फक्त उकळी. पण एकसारखी.”

“हो.”

“मी पिणार नाही,” ते म्हणाले. “पण उकळायला माझी हरकत नाही.”

त्या दिवशी माझी बस चुकली.

भांडं मिळालं ते शेजाऱ्यांकडून. आमच्या डाव्या बाजूला सत्तरीतले एक गृहस्थ राहतात, जन्म या गल्लीतलाच. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरांतले सेंट्रल हीटिंगचे बॉयलर दुरुस्त केले. मी त्यांना कुंपणावरून सहज सांगितलं की आम्ही असं असं भांडं शोधतोय. ते म्हणाले, कोपऱ्यावरचं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, बंद होऊन तिथे फ्लॅट होणार आहेत, आणि तिथला चहाचा अर्न त्यांच्या शेडमध्ये पडून आहे. अर्न म्हणजे चहाच्या पाण्याची टाकी, खाली तोटी, आत लपवलेला हीटर. बरोबर तीस लिटरचा. त्या चॅपलच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दारूला स्पर्श केला नव्हता, हे त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आणि अर्न कुंपणावरून माझ्या हातात दिला.

सासऱ्यांनी अर्न उलटा करून गॅरेजमधल्या टेबलावर ठेवला आणि बुडाचे स्क्रू काढले. शेजारी बघायला आले आणि थांबले. सासऱ्यांचं इंग्रजी कारखान्यातलं होतं, क्रियापदांशिवायचं. शेजाऱ्यांचं यॉर्कशरचं, जे मलासुद्धा कधीकधी दोनदा ऐकावं लागतं. पण एलिमेंट, थर्मोस्टॅट, स्केल, गॅस्केट या शब्दांवर दोघांचं छान चाललं होतं. सासरे बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “धिस?” शेजारी नाव सांगायचे. मग सासरे तेच नाव आपल्या उच्चारात म्हणायचे आणि मान हलवायचे. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी होते, पण माझी गरज फारशी पडली नाही.

आत क्षाराचा पातळ पांढरा थर होता. तो सासऱ्यांनी लिंबूसत्त्वाने काढला. मग आम्ही नुसतं पाणी उकळून पाहिलं आणि अर्नची खोड कळली. चहाला उकळतं पाणी लागतं, उकळत राहणारं नाही. उकळी फुटली रे फुटली की थर्मोस्टॅट ‘टक्’ करून वीज तोडायचा. पाणी शांत व्हायचं. चार मिनिटांनी परत टक्, परत उकळी, परत शांत.

मी इंटरनेटवर शोधलं. लोकांनी सरळ लिहिलं होतं, आतलं सगळं काढा आणि हीटरला थेट वीज द्या. मी ते वाचून दाखवलं. सासऱ्यांनी बुडातल्या दोन वेगळ्या वस्तू मला दाखवल्या. एक थर्मोस्टॅट, आणि दुसरं नखाएवढं काळं बटण. भांडं कोरडं पडलं किंवा बूड फार तापलं तर वीज तोडणारं.

“हा कामाचा माणूस,” थर्मोस्टॅटवर बोट ठेवून ते म्हणाले, “याला बाजूला केलं तर चालेल, त्याचं काम आपण उभं राहून करू. हा दुसरा आहे तो राहू दे.”

शेजाऱ्यांनाही तेच वाटत होतं. थर्मोस्टॅट त्यांनी काढला, वायरिंग केलं, आपल्याकडच्या मीटरने तपासलं. कॅम्पिंगच्या एका जुन्या मॅटचा पट्टा कापून आम्ही अर्नभोवती गुंडाळला, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये. आता पाणी जे उकळू लागलं ते थांबेना. तिघंही आत वाकून बघत होतो. नुसतं पाणी होतं, पण कोणी हलत नव्हतं.

पहिली बियर आम्ही डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी लावली. पिकनिकच्या कूलबॉक्समध्ये माल्ट मुरवलं, रस गाळून अर्नमध्ये घेतला, वीज सुरू केली. उकळी आली, हॉप्स टाकले. नवऱ्याला मी चहा नेऊन दिला. परत आले तर अर्न गप्प होता. चाळीस मिनिटं झाली होती. काळ्या बटणाने वीज तोडली होती.

सासऱ्यांनी थोडं थांबून बटण दाबलं. पाच मिनिटं चाललं, परत बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. माझी सकाळ, माझं माल्ट, माझा शनिवार. मी म्हटलं, हे बटण बिघडलेलं असणार, चॅपलच्या काळातलं आहे, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे, त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकू. तुम्हाला येईल ना जोडता?

ते म्हणाले, “येईल. पण मी जोडणार नाही.”

मग त्यांनी गॅरेजमधली घडीची खुर्ची ओढली, तिच्यावर बसले आणि मला सांगितलं. मी इतकी चिडलेले होते की सुरुवातीचं मी अर्धवटच ऐकलं.

एका गळीत हंगामात त्यांच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उडत होता. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की तो आपोआप उघडतो आणि वाफ सोडून देतो. वाफ गेली की गाळप मंदावतं, आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. वरचे साहेब आले आणि म्हणाले, व्हॉल्व्ह खराब आहे, त्याला तारेने बांधून घाला, हंगाम संपला की बदलू. व्हॉल्व्ह खराब असेलही, सासरे म्हणाले, पण तो खराब आहे की आत खरंच दाब वाढतोय, हे त्याला बांधल्यावर कळणार कसं? त्यांनी बांधायला नकार दिला आणि रजिस्टरमध्ये तसं लिहून सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची ड्यूटी वजनकाट्यावर लागली. गाडी आली, वजन घ्या, चिठ्ठी फाडा. बॉयलर चालवायचं पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट असलेला माणूस पूर्ण हंगामभर तिथे बसला.

“आणि व्हॉल्व्ह?” मी विचारलं.

“दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने बांधला.”

“मग?”

“मग काही नाही. हंगाम संपला. काहीसुद्धा झालं नाही.” ते थोडे हसले. “झालं असतं तर मी शहाणा ठरलो असतो. झालं नाही, म्हणून वेडा ठरलो. त्याचं मला वाईट नाही. पण आजही ठरवता येत नाही, व्हॉल्व्ह खराब होता की नव्हता.”

तीस वर्षांहून जास्त काळ एक माणूस एका व्हॉल्व्हबद्दल विचार करत होता. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते. खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर बसून ते काय काय बघत असतील, असं माझ्या मनात आलं. मी वायरींबद्दल पुन्हा काही बोलले नाही.

आम्ही गरम रस पातेल्यांमध्ये ओतून घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. अर्नचं बूड बघितलं तर हीटरच्या वर अख्खा काळा थर करपून बसला होता. मी रस नीट गाळला नव्हता, भरड्याचं पीठ खाली बसून जळलं होतं, आणि त्याखाली बूड तापत चाललं होतं. सासऱ्यांनी थर चमच्याने खरवडून बघितला. “याला कळत होतं,” एवढंच म्हणाले. ती बियर आम्ही पूर्ण केली, पण तिला करपलेल्या दुधाचा वास लागला तो लागलाच. शेवटी ती मोरीत गेली.

त्या दुपारी मी नवऱ्याला वजनकाट्याचं सांगितलं. तो कपड्यांना इस्त्री करत होता. त्याने इस्त्री उभी ठेवली. म्हणाला, मला आठवतंय ते वर्ष. मी सहावीत होतो. कॉलनीतली पोरं म्हणायची की तुझ्या बाबांना बॉयलरवरून काढलं, त्यांनी काहीतरी घोळ केला. मी घरी विचारलं होतं. आईने सांगितलं, गप्प बस. आणि मग तो म्हणाला की मला इतकी वर्षं वाटत होतं, खरंच त्यांनी काहीतरी घोळ केला असेल.

तो लगेच उठून वडिलांकडे गेला असं काही झालं नाही. आमच्या घरात तसं कोणी करत नाही. पण जानेवारीत दुसरी बियर लावली तेव्हा तो सकाळीच गॅरेजमध्ये आला आणि रस गाळायला मी कापड धरलं होतं त्याचं दुसरं टोक त्याने धरलं.

या वेळी आम्ही सगळं बदललं होतं. रस दोनदा गाळला. शेजाऱ्यांनी भोकांची एक स्टीलची ताटली बुडापासून दोन बोटं वर बसवून दिली होती, म्हणजे हॉप्सचा गाळ हीटरवर बसू नये. उकळी येईपर्यंत सासरे लाकडी उलथन्याने बूड ढवळत राहिले. उकळी जवळ आली तसा गॅरेजभर वास पसरला. ते ढवळायचे थांबले.

“हा तर काकवीचा वास,” ते म्हणाले.

मी वाकून हुंगलं. माझ्या नाकाला तो नेहमी ब्रेडसारखा वाटायचा. पण त्यांनी म्हटल्यावर मलाही काकवीचाच वास येऊ लागला. लहानपणी त्यांच्या मामाकडे गुऱ्हाळ लागायचं, काहिलीतला रस आटताना असाच वास यायचा, असं ते सांगत होते, तोवर फेस वर आला. दुधासारखा एकदम. त्यांनी पटकन म्हटलं, तेलाचे दोन थेंब टाक, फेस बसतो. मी म्हटलं, तेल चालणार नाही बाबा, तेलाने पुढे बियरवरचा फेसही मरतो आणि लोकांना तो फेसच हवा असतो. हे त्यांना फार नवल वाटलं. एक फेस नको, दुसरा हवा. मी थंड पाण्याचा हबका मारला आणि फेस खाली गेला.

शेवटच्या पंधरा मिनिटांत मी चमचाभर वाळलेलं समुद्री शेवाळ टाकलं. हे कशाला, त्यांनी विचारलं. रसातली प्रथिनं याला चिकटतात आणि खाली बसतात, मी सांगितलं.

“आम्ही रानभेंडी टाकायचो,” ते म्हणाले. “ठेचून, पाण्यात चोळून. तो चिकट रस काहिलीत ओतला की सगळी मळी वर यायची. मग झाऱ्याने काढायची.”

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. रसात आता चुरा फाटलेल्या दुधासारखा फिरत होता आणि मधली जागा स्वच्छ, तांबूस होत चालली होती. इकडे किनाऱ्यावरचं शेवाळ, तिकडे रानातली भेंडी, आणि कोणी कोणाला विचारलं नव्हतं. बटण एकदाही पडलं नाही. पूर्ण एक तास उकळी एकसारखी होती.

रस गार झाल्यावर मी त्यात हायड्रोमीटर सोडला. त्यांनी तो लगेच ओळखला. कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर अशीच मोजायचे, त्याला ब्रिक्स म्हणतात. आमच्या रसाचा ब्रिक्स साडेअकरा भरला. उसाच्या मानाने गरीबच, ते म्हणाले. रस पिंपात भरून, यीस्ट टाकून ते जिन्याखाली ठेवल्यावर पुढचे पंधरा दिवस त्यांचा मुक्काम जिन्याजवळ हलला. झाकणावरच्या नळीतून येणारे बुडबुडे ते घड्याळ लावून मोजायचे आणि एका वहीत लिहायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं तेव्हा ब्रिक्स अडीचवर आला होता.

“साखर गेली कुठे?”

मी सांगितलं, अर्धी हवेत, अर्धी दारूत. पण त्यांना ते पटेना. डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही, हे मला समजतं, माझं सगळं काम तसंच आहे. घरी जुना मायक्रोस्कोप होता, मी शिकत असतानाचा. पिंपाच्या तळाचा एक थेंब काचेवर घेऊन मी त्यांना दाखवला. ते कितीतरी वेळ एक डोळा मिटून बसले होते. मग त्यांनी विचारलं की एका बाजूला छोटं गाठोडं फुटलंय ते काय. ते पिल्लू, मी म्हटलं, यीस्टला असंच पिल्लू फुटतं. हॉस्पिटलमध्ये हेच दिसलं की मी घाबरते. त्यांनी पुन्हा डोळा लावला.

बाटल्यांत तीन आठवडे मुरल्यावर पहिली बाटली शेजाऱ्यांना द्यायची, हे सासऱ्यांनीच ठरवलं होतं. शेजारी स्वयंपाकघरात आले, ग्लास उजेडात धरला, वास घेतला, प्यायले, मिशी पुसली. सासरे टेबलाच्या पलीकडे हात बांधून उभे होते.

“नॉट बॅड,” शेजारी म्हणाले.

सासऱ्यांचा चेहरा पडला. वाईट नाही, एवढंच? एवढं करून? मला हसू आवरेना. मी त्यांना मराठीत समजावलं की बाबा, या भागात याच्या वर शब्द नाही. लग्नात नवरी कशी दिसते, तर नॉट बॅड. त्यांचा विश्वास बसला तो शेजाऱ्यांनी ग्लास पुन्हा पुढे केल्यावर. मीही घोटभर प्यायले. खूप छान होती असं मी म्हणणार नाही, थोडी पातळ होती, पण स्वच्छ होती आणि शेवटी जिभेवर कडू राहत होती. सासऱ्यांनी चव घेतली नाही आणि कोणी आग्रहही केला नाही. त्यांनी ग्लासच्या तळाशी किती गाळ राहिला ते मात्र बघितलं.

एप्रिलमध्ये व्हिसा संपत होता. जायच्या आधीच्या शनिवारी आम्ही चौथी बियर उकळली. नंतर बाप-लेक गॅरेजच्या दाराशी बसून अर्न घासत होते, मी आत हॉप्सच्या पिशव्या आवरत होते. नवऱ्याने वर न बघता विचारलं, “त्या वर्षी मला का नाही सांगितलंत? काट्यावर का बसलात ते?”

सासऱ्यांनी घासणी धुऊन पिळली. “तू सहावीत होतास.”

“नंतर तरी.”

“नंतर सांगण्यासारखं काय होतं? काही झालंच नव्हतं.” मग म्हणाले, “तुला काय वाटलं होतं?”

नवरा म्हणाला, “मला वाटलं होतं, तुमची चूक होती.”

“असेलही,” सासरे म्हणाले, “व्हॉल्व्ह खराब असेल तर.” आणि त्यांनी अर्न त्याच्याकडे फिरवला. “तो कोपरा राहिला बघ.”

नवऱ्याने तो कोपरा घासला. मी आत तशीच उभी राहिले, पिशव्या हातात धरून.

आता ते कोल्हापूरला आहेत. मी महिन्यातून एकदा एकटीच बियर उकळते. गजर लावून ठेवला की तासभर तिथे थांबायची काही गरज नसते. आधीची मी असते तर तेवढ्यात कपडे वाळत घातले असते. पण मी घडीची खुर्ची ओढून बसते. पहिल्या दहा मिनिटांत फेस असतो, मग तो जातो. हॉप्स हिरवे असतात, ते हळूहळू मळकट होतात. पंचेचाळिसाव्या मिनिटाला शेवाळ पडतं आणि दोन मिनिटं काहीच होत नाही. मग कुठेतरी एका बाजूला पहिला चुरा दिसतो. तो नेमका कुठे दिसेल हे मला अजून एकदाही आधी सांगता आलेलं नाही.